अकलूजच्या बाजारातला ‘रेसचा घोडा’ आणि रेसचा कारभार

माळशिरस तालुक्यातल्या एका तरुण बागायतदारांचा प्रश्न आहे. त्यांचे चुलते वीसेक वर्षांपूर्वी रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला रेस खेळायला जायचे. त्या दिवसांच्या गोष्टी ते अजून रंगवून सांगतात, पण आताचा विषय निघाला की म्हणतात, ‘रेस राहिली नाही, सगळं ठरलेलं असतं.’ आणि आता अकलूजच्या घोडेबाजारात एका व्यापाऱ्याने या तरुणाला ‘पुण्याच्या रेसचा’ म्हणून एक तांबडा घोडा दाखवलाय. सहा वर्षांचा, उंच, देखणा. मारवाडी घोड्याच्या मानाने किंमत फारच कमी, कागद मात्र नाहीत. तर घोडा घ्यावा का? आणि रेसचं नेमकं बिघडलंय काय?

मी पशुवैद्यक आहे. परळच्या कॉलेजातून बाहेर पडल्यावर नोकरीची बरीच वर्षं पुण्या-मुंबईच्या रेसच्या तबेल्यांत गेली. आता सोलापुरात असतो. लग्नाची घोडी, शेतावर हौसेने पाळलेले घोडे, बाजारातून नुकतेच आणलेले आणि दुसऱ्याच दिवशी आडवे पडलेले, असं सगळं माझ्याकडे येतं. तुम्हाला हे दोन प्रश्न वाटत असतील, मला तो एकच दिसतो. तो घोडा इतका स्वस्त का, याचं उत्तर रेस कशी चालवली जाते यात आहे.

आधी तुमच्या चुलत्यांबद्दल. हुतात्मा संध्याकाळी सहाला पुण्याहून सुटते, म्हणजे शेवटच्या एक-दोन रेसा सोडूनच त्यांना स्टेशन गाठावं लागत असणार. अशी सोलापूरची मंडळी मी ओळखायचो. हातात घडी घातलेलं रेसबुक, खिशात पेन्सिल, आणि घोड्याचा बाप कोण, आई कोण, मागच्या वेळी किती वजन होतं, हे तोंडपाठ. विन, प्लेस, फोरकास्ट, टनाला, जॅकपॉट या पैजांच्या प्रकारांची गणितं ते शेंगा खात खात घालायचे. खेळणारे सगळेच हरतात, तेही हरायचे. पण नुसता आकडा लावणारी ही माणसं नव्हती. रेसच्या आधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात तेव्हा कठड्याला टेकून ते घोड्याची चाल बघायचे. कुठला मागच्या पायावर कमी भार देतोय, कुणाला वेळेआधीच घाम फुटलाय, हे त्यांच्यातल्या काहींना माझ्याआधी कळायचं.

माझ्या आठवणी दुपारच्या कमी, पहाटेच्या जास्त. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, साधारण जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. मग घोडे ट्रकने मुंबईला महालक्ष्मीला, उन्हाळ्यापर्यंत. पहाटे अंधारातच कामं सुरू होतात. ट्रॅकच्या कडेला उभं राहिलं की घोडा दिसायच्या आधी त्याचा श्वास ऐकू येतो. भरधाव घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो, आणि तोही नाकानेच. तोंडाने श्वास घेणं त्याला जमत नाही. त्या फुरफुरीचा ताल जरा चुकला तरी जुना ट्रेनर स्टॉपवॉचवरची नजर काढून घोड्याकडे बघायचा. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं त्याचं हृदय धावताना दोनशेच्या वर जातं. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने जातं, आणि त्याचा सगळा भार क्षणभर एकाच पुढच्या पायावर, आपल्या मनगटापेक्षा फार जाड नसलेल्या हाडावर येतो. हे एकदा डोक्यात बसलं की रेस बघताना पोटात गोळा येतो. माझा तो शेवटपर्यंत गेला नाही.

सईसांबद्दल, म्हणजे घोड्यांची रोजची देखभाल करणाऱ्यांबद्दल, लिहायलाच हवं. घोड्याची खरी माहिती सईसाकडे असते. काल किती खाल्लं, लीद कशी होती, रात्री किती वेळा उठला-बसला, कुठल्या पायावर खरारा केला की कान मागे टाकतो, हे त्याच्याइतकं मालकाला ठाऊक नसतं आणि बऱ्याचदा ट्रेनरलाही नसतं. सांगोला, माण, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातलीही माणसं तिथे भेटायची. गाव विचारलं की बोलणं लगेच मोकळं व्हायचं. जॉकींमध्येही पांडू खाडे, वसंत शिंदे ही मराठी नावं एकेकाळी घराघरांत माहीत होती. त्यानंतरच्या पिढीत पेसी श्रॉफ. इंडियन डर्बी त्यांनी जॉकी म्हणून आठ वेळा जिंकली, पुढे ट्रेनर म्हणूनही नाव काढलं. डर्बी १९४३ पासून चालू आहे, २४०० मीटरची, फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या रविवारी महालक्ष्मीला. त्या दिवशी टोप्या, साड्या आणि सूट बघायला येणारेच जास्त असतात. बिघडलेलं असं त्यात काही नाही.

आता ‘सगळं ठरलेलं असतं’ याकडे येऊ. सगळं ठरलेलं नसतं. बारा घोडे, बारा मालक, बारा जॉकी. एवढ्यांचं एकमत आपल्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतही होत नाही. पण घोडा ओढतात हे खरं आहे. म्हणजे जिंकू शकणारा घोडा मुद्दाम मागे ठेवतात. तसं का करतात हे समजून घ्या. बहुतेक रेसा हॅन्डिकॅपच्या असतात. जिंकणाऱ्या घोड्याचं रेटिंग वाढतं, पाठीवर जास्त वजन येतं. हरणाऱ्याचं उतरतं, वजन कमी होतं. दोन-तीन वेळा घोडा सहावा-सातवा आणला की तो खालच्या वर्गात हलक्या वजनाने धावतो, त्याच्यावर कुणाची नजर नसल्यामुळे भाव मोठा मिळतो, आणि त्या दिवशी मालकाची माणसं पैसा लावतात. जगातल्या प्रत्येक ट्रॅकवर हा मोह असतो. तो किती जण आवरतात, हे बक्षिसाची रक्कम आणि चौकशीचा धाक या दोन गोष्टींवर ठरतं. रेस प्रामाणिकपणे जिंकून जेवढं मिळतं त्यापेक्षा एकदा हरून जास्त मिळायला लागलं की माणसं हरायला शिकतात. आपल्याकडे या दोन्ही बाजू ढासळल्या आहेत, आणि माझा राग त्यावर आहे.

पैशाचं बघू. रेसचा सगळा संसार पैजेतून कापल्या जाणाऱ्या कमिशनवर चालतो. त्यातूनच बक्षिसं, ट्रॅकची निगा, चाचण्या, पगार. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मद्रास रेस क्लबशी संबंधित खटल्यात निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. क्लबांना त्या निकालाचा आधार मिळाला. मग २०१७ मध्ये जीएसटी आला आणि २८ टक्के कर लागला, तोही क्लबच्या कमिशनवर नव्हे, तर लावलेल्या पूर्ण रकमेवर. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो कमिशनपुरताच असावा असं म्हटलं, पण ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात दुरुस्ती करून पूर्ण रकमेवरचा कर पक्का केला गेला. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला.

याचा अर्थ पार्क चौकातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. नफ्यावर कर असेल तर धंदा होतो. गल्ल्यात पडलेल्या प्रत्येक रुपयावर ४० टक्के असेल तर गल्ला बंद होतो. शंभराच्या तिकिटामागे चाळीस रुपये सरकारला द्यायचे, की फोनवरच्या बेकायदा बुकीकडे तीच पैज करमुक्त लावायची? खेळणारा कुठे जाणार हे सांगायला तज्ज्ञ कशाला लागतो? पैसा बुकीकडे गेला की सरकारला कर मिळत नाही, क्लबला कमिशन मिळत नाही आणि बुकीच्या वहीवर कुणा स्टुअर्डची, म्हणजे रेसवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची, नजर नसते. हॉंगकॉंगने हाच अनुभव घेतला होता. तिथे २००६ मध्ये उलाढालीवरचा कर काढून ढोबळ नफ्यावर लावला. दर ७२.५ टक्क्यांपासून पुढे, म्हणजे आकडा बघून डोळे पांढरे व्हावेत असा. तरी पैजांची घसरण थांबली आणि उलाढाल पुन्हा वाढत गेली, कारण कर योग्य जागी लागला. आपल्याकडे ही चर्चा ‘जुगाऱ्यांना कशाला सवलत’ या एका वाक्यावर संपते. मीही पैजेचा भक्त नाही; घरं बसलेली पाहिली आहेत. पण पैज बंद होत नसेल आणि ती फक्त अंधारात ढकलली जात असेल, तर त्यात शहाणपण कसलं?

तबेल्यात याचा परिणाम कसा उतरतो? बक्षीस घटलं की मालकाला घोड्याचा महिन्याचा खर्च जड होतो. ट्रेनरवर ‘पळवा’ म्हणून दबाव येतो. ज्या घोड्याला सहा आठवडे विश्रांती हवी त्याला तीन मिळतात. दोन वर्षांच्या शिंगरांचं उदाहरण घ्या. घोड्याच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ साधारण दोन ते अडीच वर्षांपर्यंत चालू असते. लहान वयात काम देणंच वाईट असं मी म्हणत नाही. थोडं, छोटं, वेगाचं काम दिलं तर हाड उलट मजबूत होतं. पण घाई झाली की नडगी सुजते, मग बर्फ, मग पट्ट्या, आणि मग कुणीतरी हळूच विचारतो, ‘डॉक्टर, एखादं इंजेक्शन?’ फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक रेसच्या दिवशी नमुन्यात सापडलं तर कारवाई होते; नमुने तपासायची व्यवस्था आहे आणि ती बऱ्यापैकी नीट चालते. पण औषध शरीरातून जायला किती दिवस लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. सरावाच्या दिवसांत काय दिलं जातं, ते बघायला कुणी नसतं.

चौकशीच्या धाकाचं म्हणाल तर आपल्याकडे रेस भरवणारा क्लब, नियम करणारा क्लब, नियम मोडले का ते बघणारा क्लब आणि शिक्षा देणाराही क्लब. मुंबई-पुण्याला रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब, तसेच कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद. प्रत्येकाचं राज्य वेगळं. समिती सभासदांतून निवडून येते आणि सभासदांत घोडामालक भरपूर. पगारी स्टुअर्ड असतात, कॅमेरे असतात, त्यांतले कित्येक जण कामाला चोख असतात. तरीही आज ज्याच्या जॉकीची चौकशी करायची, उद्या त्याच्याच मताने समितीवर निवडून यायचं, या रचनेत प्रामाणिक माणसाचीही कुचंबणा होते. ब्रिटनमध्ये रेसचं नियमन जॉकी क्लबकडे होतं. ते काढून २००७ पासून वेगळ्या ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीकडे दिलं. अमेरिकेने २०२० मध्ये कायदा करून देशपातळीवरची यंत्रणा उभी केली. आपल्याकडे परवान्याचा कायदा आहे १९१२ चा, मुंबई प्रांताच्या काळातला. त्यात घोडा कुठे दिसत नाही. दिसतो तो परवाना आणि पैज.

जागेबद्दल थोडक्यात. पुण्याची जागा लष्कराची. महालक्ष्मीची सुमारे २११ एकर. भाडेकरार २०१३ मध्ये संपला, त्यावर दहा वर्षं घोळ चालला, आणि २०२४ मध्ये १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी नि ९१ एकर क्लबकडे असं ठरलं. क्लबच्या मंडळींना ते लुटल्यासारखं वाटलं. मला नाही वाटत. सार्वजनिक जमिनीवर बसायचं तर लोकांना हिशेब द्यायला हवा, आणि मला हवा तो हिशेब एकराचा नाही.

मला हवा तो हिशेब घोड्यांचा. एका हंगामात किती घोडे धावले, किती पडले, किती जखमी झाले, कितींना ट्रॅकवरच कायमचं झोपवावं लागलं, आणि उरलेले कुठे गेले? अमेरिकेत २००९ पासून दर हजार धावांमागे किती घोडे दगावले याचा आकडा जाहीर होतो. पहिल्या वर्षी तो २.०० होता, २०२२ मध्ये १.२५ वर आला. आकडा लोकांसमोर आला, लाज वाटली, ट्रॅकचे पृष्ठभाग बदलले, रेसआधीच्या तपासण्या कडक झाल्या. हॉंगकॉंगमध्ये तर प्रत्येक घोड्याची पशुवैद्यकीय नोंद खेळणाऱ्याला बघायला मिळते: कधी लंगडला, कधी नाकातून रक्त आलं, सगळं. माझं म्हणणं एवढंच आहे. न्यायालयाने याला कौशल्याचा खेळ म्हटलंय ना? मग कौशल्य वापरायला माहिती लागते. तुमच्या चुलत्यांना कठड्याला टेकून जे ओळखावं लागायचं, ते कागदावर उघडं ठेवा. त्याने खेळणाऱ्याची फसवणूक कमी होईल, आणि ज्या घोड्याचं लंगडणं सगळ्यांना दिसतंय त्याला पळवायची हिंमतही कमी होईल.

इथून आपण अकलूजला येतो.

थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्याइतका कागदी जीव दुसरा नाही. जन्मला की भारतीय स्टड बुकमध्ये, म्हणजे वंशावळीच्या वहीत, नोंद, आणि ते काम पुण्यातूनच चालतं. आई-बापाची खात्री, पासपोर्ट, मानेत मायक्रोचिप. पासपोर्टमध्ये त्याच्या अंगावरचे भोवरे काढलेले असतात. आपल्या बाजारातही माणसं भोवरेच बघतात! गळ्यावरचा देवमण शुभ, अमक्या जागचा अशुभ, आणि त्यावर हजारोंनी किंमत चढते-उतरते. पासपोर्टातला भोवरा शुभ-अशुभ काही नसतो, तो त्या घोड्याचा अंगठा असतो. दोन घोड्यांचे भोवरे एकसारखे नसतात. तर एवढ्या काटेकोरपणे लिहिलेला हा जीव धावायचा थांबला की ट्रॅकच्या दरवाजातून बाहेर पडतो, आणि तिथून पुढे त्याचं कुणी काही लिहीत नाही.

चांगल्या घोडी आणि मोजके घोडे पैदाशीला जातात. काही राइडिंग स्कूलला, काही पोलिसांच्या अश्वदलाला. काही लस आणि प्रतिविष बनवणाऱ्या संस्थांना; सर्पदंशावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं हे गावाकडे फार थोड्यांना माहीत असतं. पूनावालांच्या स्टडमधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे, आणि त्यातूनच सिरम स्वतः बनवायची कल्पना निघून १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे निवृत्त घोड्याचा उपयोग नाही असं नाही. पण उरलेले ‘कुणाला तरी’ दिले जातात. तो कुणीतरी दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि दोन-तीन हात फिरून घोडा अकलूजच्या किंवा पंढरपूरच्या बाजारात बिनकागदाचा उभा राहतो. कधी लग्नाच्या वरातीत, डीजेसमोर, डोळ्यांवर झिरमिळ्या बांधून. कधी घोडा-बैलाच्या गाडीला जुंपलेला. बैलगाडा शर्यतींना २०२१ पासून अटींवर परवानगी मिळाली ती बैलांसाठी. घोडा आणि बैल एका जुवाला जोडणं हा दोघांवरही अन्याय आहे, उंची वेगळी, चाल वेगळी, खांदा वेगळा. याच जिल्ह्यात आषाढीच्या वारीत पुरंदावड्याला माउलींच्या अश्वाचं रिंगण होतं तेव्हा टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, आणि चार महिन्यांनी बाजारात घोड्याच्या तोंडात काठी घालून दात मोजतात.

मला कुणी विचारलं तर तीन गोष्टी करायला सांगेन, आणि तिन्हींना कायदा बदलायची गरज नाही. प्रत्येक घोड्याच्या विक्रीतून आणि प्रत्येक रेसच्या नोंदणी-फीतून थोडी रक्कम निवृत्तीच्या निधीसाठी बाजूला काढावी. घोडा कुणाच्या नावावर गेला हे स्टड बुकला कळवल्याशिवाय शेवटच्या मालकाची जबाबदारी सुटू नये. आणि चौकशी करणारी माणसं घोडामालकांच्या मतांवर अवलंबून नसावीत. करकपातीची मागणी सरकारकडे नेताना क्लबांनी हे आधी करून दाखवलं, तर त्यांचं ऐकणारे जास्त भेटतील. आजवर त्यांनी दिल्लीला जाऊन ‘हजारो लोकांचा रोजगार’ एवढंच सांगितलं. ते खरंही आहे, सईस, नालबंद, राइडिंग बॉय यांची पोटं त्यावर आहेत. पण ज्याच्या पाठीवर हा रोजगार उभा आहे, त्याचं नाव त्या निवेदनात शेवटी येतं.

आता तुमचा तांबडा घोडा. व्यापारी ‘टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) गेलाय’ असं सांगणार नाही, ते तुम्हालाच बघावं लागेल. घोड्याला सपाट जागी उभा करा, ऊन डोक्यावर यायच्या आत. पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला, गुडघ्याखाली, अंगठा आणि बोट लावून वरून खाली सरकवा. दोन दोऱ्यांसारखे टेंडन वेगवेगळे लागायला हवेत, कडक आणि थंड. मध्येच धनुष्यासारखा फुगवटा लागला, किंवा एका पायाला दुसऱ्यापेक्षा जास्त ऊब लागली, तर टेंडन एकदा गेलेला आहे. तिथे कातडीवर ओळीने पांढरे ठिपके दिसले तर तो पाय डागलेला आहे. रेसच्या तबेल्यांतही पूर्वी ही पद्धत होती. डागलेला घोडा टाकाऊ नसतो. हळू चालीच्या सवारीला तो वर्षानुवर्षं चालतो, पण त्याला पळवायचं नाही. मग टाचेच्या मऊ भागावर झाकण लावलेल्या पेनाने टोचा. पाय झटकला तर ठीक. काहीच केलं नाही, तर नस कापलेली असू शकते. दुखणं कळू नये म्हणून ही शस्त्रक्रिया करतात. असा घोडा खुरात खिळा रुतला तरी सांगणार नाही, त्याच्यावर लहान मूल बसवू नका. त्यानंतर कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवून घ्या आणि डोकं बघा: दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं. व्यापारी मऊ मातीत पळवून दाखवायला बघेल. तुम्ही डांबरी रस्ता मागा.

घेतलाच तर पहिले दोन महिने फार जपायचे. तबेल्यात त्याला ओट आणि उत्तम गवत मिळत होतं. तुमच्याकडे कडबा आणि उसाचं वाढं. एकदम बदललं तर पोटशूळ होणारच, आणि घोड्याला उलटी करता येत नसल्यामुळे पोटशूळ म्हणजे जिवाशी गाठ. मालदांडी ज्वारीचा कडबा चालेल, पण बारीक कुट्टी करून, इतर गवतात मिसळून, हळूहळू वाढवत. कोवळी ज्वारी अजिबात नको. उसाचं वाढं आपल्याकडे फुकट मिळतं म्हणून रोज घालतात. त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम अडवतं, शिवाय कोंडाही भरपूर घातला तर वर्षाभरात जबड्याची हाडं फुगून घोडा लंगडायला लागतो. त्याच्या पायात हलके ॲल्युमिनियमचे नाल असतील. आपल्या मुरुमाला आणि डांबराला लोखंडीच हवेत, आणि नालबंद महिना-सव्वा महिन्याला यायला हवा. धनुर्वाताची लस त्याच दिवशी, कारण घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर नाही. पावसाळ्यात गोमाशांमुळे सर्रा हा रोग होतो. ताप येऊन-जाऊन राहिला, पोटाखाली सूज आली, तर रक्त तपासून घ्या. ग्लँडर्सची चाचणी घेतल्याशिवाय तो तुमच्या इतर जनावरांजवळ, विशेषतः दुसऱ्या घोड्या-गाढवांजवळ बांधू नका; हा रोग माणसालाही होतो आणि निदान झालं की घोडा मारावाच लागतो.

शिवाय सोलापूरचं ऊन. थरोब्रेडची कातडी पातळ, त्याला एप्रिल-मे सोसवत नाही. सावली, ओलं गोणपाट, पाण्यासोबत मीठ, आणि सकाळी साडेसहाच्या आत सवारी संपलेली. शेतावर नुसती हौस आणि अधूनमधून सवारी एवढंच हवं असेल, तर भीमथडी जातीच्या घोड्यांतलं एखादं चांगलं जनावर बघा. बुटकं दिसेल, पण धनगरांच्या वाड्यामागे दख्खनचं ऊन नि मुरूम तुडवून तयार झालेलं असतं. पायाचं आणि पोटाचं दुखणं कमी. इन्स्टाग्रामवर ते तेवढं शोभणार नाही, हे मात्र खरं.

या घोड्यावरच मन बसलं असेल तर बाजारातल्या किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून चिप वाचायचा स्कॅनर आणा आणि मानेच्या डाव्या बाजूला, अयाळीच्या खाली फिरवा. नंबर दिसला तर तो लिहून घ्या, स्टड बुकच्या पुण्याच्या कार्यालयाला कळवा, आणि घोडा कुठला, शेवटचा मालक कोण, कधी धावायचा थांबला, ते विचारा. किंमत त्यानंतर बोला. नंबर नाही मिळाला तर तो रेसचा आहे हे व्यापाऱ्याचं फक्त म्हणणं आहे, आणि त्या म्हणण्याचे पैसे देऊ नका. व्यापारी स्कॅनर लावूच देत नसेल, तर त्याच रांगेत पुढे चार घोडे सोडून उभ्या असलेल्या दुसऱ्या घोड्याकडे वळा. बाजार एका दिवसात उठत नाही.